एक तृतीयांश माणसाचा प्रश्न

लग्नकार्यात किंवा गणेशोत्सवाच्या मंडपात चार जाणती माणसे एकत्र बसली, की बोलता बोलता एक वाक्य हमखास येते : राजकारणात आता तरुण रक्त हवे. त्यावर सगळ्यांच्या माना डोलतात आणि पानाचा डबा पुढे सरकतो. तरुण रक्त हवे म्हणजे नेमके काय हवे, हे मात्र कोणी विचारीत नाही. तो प्रश्न विचारण्यासाठी आज थोडे दूर, कोरियापर्यंत जावे असे वाटते.

कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यालगत कोजे नावाचे बेट आहे. कोरियन युद्धाच्या काळात तेथील युद्धकैद्यांच्या प्रचंड छावणीमुळे त्याचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत आले. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या कैद्यांचा प्रश्न पुढे इतका चिघळला, की १९५३ साली त्याच्या निवारणासाठी आपले जनरल थिमय्या आणि भारतीय सैनिक कोरियात गेले. आपले सैनिक परतून काही महिनेच झाले होते. मे १९५४ मध्ये कोरियात निवडणूक झाली, आणि याच कोजे बेटाने किम यंग-साम नावाचा जेमतेम २५-२६ वर्षांचा तरुण राष्ट्रीय विधिमंडळावर पाठविला. मासेमारीच्या धंद्यातील सधन घरचा मुलगा, सोलच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेला, सत्तारूढ लिबरल पक्षाच्या तिकिटावर उभा राहिलेला. इतक्या लहान वयात तेथे कोणी निवडून आले नव्हते. तो विक्रम आजही मोडलेला नाही.

येथपर्यंत या कथेत नवल करण्याजोगे फारसे नाही. सधन घर, सत्तेचा पक्ष आणि कोवळे वय असे सगळे जुळून आलेले तरुण आपल्याकडेही निवडून येतात, आणि पुढच्या बाकाकडे डोळे लावून मागच्या बाकावर बसतात. नवल घडले ते सहा महिन्यांनी.

अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना घटनेप्रमाणे दोनच मुदती मिळायच्या होत्या. त्यांना तिसऱ्यांदा उभे राहता यावे म्हणून पहिल्या अध्यक्षापुरते हे बंधन काढून टाकणारी घटनादुरुस्ती मांडण्यात आली. सभागृहात सभासद २०३. दोन तृतीयांश मते हवीत. २७ नोव्हेंबर १९५४ रोजी मतमोजणी झाली, आणि दुरुस्तीच्या बाजूने पडली १३५. आता २०३ चे दोन तृतीयांश म्हणजे १३५ पूर्णांक एक तृतीयांश. म्हणजे १३६ मते हवीत. दुरुस्ती फेटाळल्याचे जाहीर झाले. पण दोन दिवसांनी पक्षाला साक्षात्कार झाला, की एक तृतीयांश माणूस जगात नसतोच. अर्ध्याहून लहान अपूर्णांक सोडून द्यावा हा गणिताचा नियमच आहे. तेव्हा १३५ पुरेत! फेटाळलेली दुरुस्ती मंजूर झाल्याचे जाहीर झाले. शाळेतल्या पाटीवरचे गणित राज्यघटनेवर गिरविण्याचा हा प्रकार कोरियाच्या इतिहासात अपूर्णांक सोडण्याच्या त्या रीतीच्याच नावाने ओळखला जातो.

किम यांचा या दुरुस्तीला विरोध होता. काही सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सत्तारूढ पक्ष सोडला आणि पुढील वर्षी उभ्या राहिलेल्या विरोधी डेमोक्रॅटिक पक्षात ते गेले. त्याची किंमत लगेच मोजावी लागली. १९५८ च्या निवडणुकीत ते पडले. ऱ्ही यांना १९६० च्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांच्या उठावाने पायउतार केले, तेव्हा कुठे किम पुन्हा सभागृहात आले.

माझे म्हणणे एवढेच, की तरुण रक्ताची परीक्षा येथे आहे. तरुण सभासद भाषण कसे करतो, पोशाख कसा करतो, याने काही ठरत नाही. आपल्याच पक्षाचा हिशेब चुकला असताना तो पाटीवर बोट ठेवतो की नाही, यावर ठरते. वडीलधाऱ्यांपाशी गप्प राहण्याची कारणे पुष्कळ साठलेली असतात. कोणाचे उपकार असतात, कोणाचे भय असते, कोणाचा मुलगा चिकटवायचा असतो. तरुणाजवळ ही कारणे कमी असतात, हीच त्याची खरी मिळकत. ती त्याने खर्च केली नाही, तर त्याच्या वयाचा सभागृहाला उपयोग काय?

पुढे पार्क चुंग-ही या सेनाधिकाऱ्याची राजवट आली, आणि १९६९ मध्ये पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला : अध्यक्षांना तिसरी मुदत हवी होती. किम यांनी कडाडून विरोध केला. त्या जून महिन्यात त्यांच्या मोटारीवर तेजाब फेकण्यात आले, ते बचावले. सप्टेंबरात ती दुरुस्ती विरोधकांना डावलून, उजाडण्यापूर्वीच, निराळ्या इमारतीत मंजूर करण्यात आली. १९७९ साली कारखान्यातून बेकार झालेल्या कामगार मुलींनी किम यांच्या पक्षकचेरीत आश्रय घेतला, तेव्हा पोलिसांनी ती कचेरी फोडली. एका मुलीचा त्यात अंत झाला. ऑक्टोबरात तर किम यांनाच विधिमंडळातून काढून टाकण्यात आले. कोंबड्याची मान मुरगळली तरी पहाट व्हायची ती होतेच, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार त्या वेळी देशभर झाले. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे आपल्या आजीच्या तोंडचे शब्द. आपण कोंबडे नुसते झाकतो, ते मान मुरगळतात. एवढाच दोन देशांच्या म्हणींत फरक. त्याच महिन्यात बुसान आणि मासान या शहरांत जनता रस्त्यावर आली, आणि २६ तारखेला पार्क आपल्याच गुप्तचर प्रमुखाच्या गोळीला बळी पडले.

ही कथा येथेच थांबविली, तर ती चरित्रमालेतील धडा होईल. पण प्रामाणिकपणाने पुढचेही सांगावयास हवे. नव्या लष्करशहाच्या अमदानीत, १९८३ मध्ये, नजरकैदेत असताना किम यांनी २३ दिवस उपोषण केले. आणि १९८७ मध्ये जनतेने अध्यक्षाची थेट निवडणूक मिळविली तेव्हा काय झाले? किम यंग-साम आणि त्यांचे जुने सहकारी व प्रतिस्पर्धी किम दे-जुंग हे दोघेही उभे राहिले. कोणीच मागे हटेना. एकाला सुमारे २८ टक्के, दुसऱ्याला २७ टक्के मते मिळाली, आणि लष्करी राजवटीतील रोह ते-वू सुमारे ३७ टक्क्यांवर निवडून आले. एक तृतीयांश मताचा हिशेब चुकला म्हणून पक्ष सोडणाऱ्याला ही सोपी बेरीज करता आली नाही. १९९० साली तर त्यांनी आपला पक्ष याच रोह यांच्या पक्षात विलीन केला. वाघ धरायचा तर गुहेत शिरलेच पाहिजे, असे त्यांचे समर्थन होते.

वाघ त्यांनी धरला हेही खरे. १९९३ मध्ये ते अध्यक्ष झाले. तीन दशकांनंतर जनतेने निवडून दिलेला सैन्याबाहेरचा माणूस त्या खुर्चीवर बसला. सैन्यातील गुप्त गट त्यांनी मोडला, बँकेतील खोट्या नावांची खाती बंद केली, आणि चुन दू-ह्वान व रोह या दोन्ही माजी अध्यक्षांवर खटले चालले. पण त्यांच्याच मुलाला भ्रष्टाचारासाठी तुरुंगात जावे लागले, आणि १९९७ च्या अखेरीस देशाला नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. २०१५ साली ते वारले.

अशा माणसाचे माप कसे घ्यावे? काही जण म्हणतील, तरुणपणाचा बाणा म्हातारपणी विकला. मला ते पुरते पटत नाही. विलीनीकरणाचे मी समर्थन करू शकेन. त्याचे काही फळ देशाला मिळाले. १९८७ चे मात्र नाही. तेथे सौदा नव्हता, नुसता हट्ट होता. आणि हट्ट व बाणा बाहेरून सारखेच दिसतात. तरुणपणी जो 'नाही' सत्तेला उद्देशून होता, तोच उतारवयात मित्राला उद्देशून निघाला.

तरीही त्या पहिल्या नकाराचे पीक आले. १९८७ च्या घटनेने अध्यक्षाला एकच, पाच वर्षांची मुदत दिली. अपूर्णांकाला जागाच ठेवली नाही. आणि ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष युन यांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा कित्येक सभासद कुंपणावरून उड्या मारून सभागृहात पोहोचले. ३०० पैकी १९० हजर होते. एकूण एक १९० मते विरोधात पडली.

त्यांत तरुण होते, म्हातारेही होते. म्हणून पुन्हा कोणी तरुण रक्ताची गोष्ट काढील, तेव्हा पानाचा डबा क्षणभर हातात धरून ठेवावा आणि विचारावे : आपल्या पक्षाने १३५ चे १३६ केले, तर हा मुलगा उभा राहील का? तांबडे फुटायचे ते आपोआप फुटते. सभागृहात 'नाही' म्हणायला मात्र कोणाला तरी उठावे लागते.