राजधानी बांधणारे हात



1 मे 1960 रोजी मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा मुंबई महाराष्ट्राकडे गेली आणि गुजरातेस स्वतःची राजधानीच उरली नाही. तोवर सरकारदरबारी काम निघाले की सुरतेचा माणूस मुंबईची गाडी धरीत असे. आता त्यास उलट दिशेने अहमदाबादेस जाणे प्राप्त झाले. निझर व उच्छलकडील लोकांचे तर गाव जागचे हलले नाही, पण पश्चिम खानदेश सुटून ते सुरत जिल्ह्यात आले. नव्या राजधानीच्या बांधणीसाठी महाराष्ट्राने गुजरातेस द्रव्य द्यावे, असेही त्या वाटणीत ठरले होते. तेव्हा गांधीनगरच्या पायात मराठी मुलुखाचाही काही वाटा आहे, हे आमच्या वाचकांनी ध्यानी ठेवावे.

ही राजधानी आखण्यासाठी लुई कान या अमेरिकन स्थापत्यकाराचे नाव पुढे आले होते. परंतु महात्माजींच्या नावाचे नगर परक्या हातांनी आखावे, हे पुष्कळांस रुचले नाही. अखेर चंदीगडात ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली काम केलेले हरगोविंद मेवाडा आणि त्यांचे साहाय्यक प्रकाश आपटे यांच्यावर हे कार्य सोपविण्यात आले. साबरमतीच्या पश्चिम तीरावर सुमारे दीड लाख वस्तीचे नगर त्यांनी कल्पिले. त्यांनी जमिनीचे सुमारे एक किलोमीटर लांब व पाऊण किलोमीटर रुंद असे चौकोन पाडले. सकाळी कचेरीस जाताना आणि सायंकाळी परतताना सूर्य डोळ्यांवर येऊ नये म्हणून रस्ते तिरपे घातले. पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी वेगळ्या वाटा ठेवल्या. रस्त्यांना क, ख, ग, घ अशी अक्षरे दिली. बाराखडी येणाऱ्यास तेथे पत्ता विचारावा लागू नये! 1970 साली सरकारी कारभार तिकडे हलला. कारकुनाच्या डोळ्यांवर येणाऱ्या उन्हाचीही ज्यांनी काळजी वाहिली, त्यांस आम्ही मनापासून धन्यवाद देतो.

परंतु अशी नगरे जे बांधतात, त्यांच्या डोक्यावरील छपराचा विचार कोणी करावयाचा? गुजरातच्या जन्मापूर्वी केवळ दहा दिवस, 21 एप्रिल 1960 रोजी, ब्राझील देशाने ब्राझिलिया ही आपली नवी राजधानी खुली केली. आराखडा लुसिओ कोस्ता यांचा, इमारती ऑस्कर निमायर यांच्या. भरदार मैदान, शुभ्र प्रासाद, सारे जगाने वाखाणले. मात्र ती बांधण्यास दूरच्या दुष्काळी प्रांतांतून जे हजारो मजूर आले, त्यांस मूळ आराखड्यात घर नव्हते. त्यांच्या झोपड्या वाढल्या, तंटे झाले, आणि राजधानीचे उद्घाटन होण्याआधीच, 1958 साली, त्यांच्यासाठी वीस-पंचवीस किलोमीटरांवर तागुआतिंगा हे निराळे नगर वसवावे लागले. म्हणजे पाहुणे येण्यापूर्वीच घर बांधणाऱ्यास मागील दाराने बाहेर काढले! आपल्याकडे चंदीगडातील 'कॉलनी नंबर 4' ही मजुरांची जुनी वस्ती 2022 साली पाडण्यात आली, आणि तीही नेमकी 1 मे या कामगारदिनी.

हे दूरचे वृत्तांत आम्ही का सांगत बसलो, असे कोणी म्हणेल. उधना, लिंबायत, पांडेसरा येथील आमच्या मराठी बांधवांनी मात्र तसे म्हणू नये. खानदेशातून यंत्रमागावर आलेला माणूस सुरतेस राबतो. एका खोलीत अनेकजण पाळीपाळीने निजतात, एक कामावर गेला की दुसरा त्याच अंथरुणावर पडतो. तिकडे खजोद येथे हिऱ्यांच्या व्यापारासाठी नवे नगर उभे राहत आहे. तेथील भव्य हिरेबाजाराचे उद्घाटन 17 डिसेंबर 2023 रोजी झाले. त्या वैभवाचा आम्हांस मत्सर नाही. कारागिरास काम मिळावे, हे इष्टच आहे. पण तेथे विटा वाहणारी बाई रात्री कोठे परतते, हे आराखडा मंजूर होण्यापूर्वी विचारले पाहिजे. नंतर विचारून तागुआतिंगाच पदरी पडते.

आणि विचारण्याची सोय कायद्यात आहे. गुजरातच्या 1976 च्या नगररचना कायद्यान्वये शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर दोन महिन्यांत, आणि टी.पी. योजनेच्या मसुद्यावर एका महिन्यात, लेखी हरकती व सूचना देता येतात. बंगल्याच्या मालकास हे ठाऊक असते, बिल्डरास तर अधिकच. भाडेकरू मजुरास ठाऊक नसते, आणि असले तरी गुजरातीत अर्ज कोण लिहून देणार? आमच्या वाचकांत शिक्षक आहेत, कचेरीतले कारकून आहेत, निवृत्त मंडळी आहेत, ज्यांची गुजराती आमच्याहून पुष्कळ बरी आहे. पुढील मसुदा लागेल तेव्हा त्यांतील दोघा-चौघांनी रविवारी दुपारी लिंबायतेस जाऊन बसावे. कागद आणि पेन बरोबर न्यावे.