गाडीने पावसाळे कुठे काढले?

पावसाळ्यात रात्री तवा धुऊन तसाच ओला ठेवला, तर सकाळी त्यावर तांबूस थर दिसतो. आमच्या माता-भगिनींना हे कुणी शिकवावे लागत नाही. तवा पुसायचा, तेलाचे बोट फिरवायचे आणि मगच फळीवर ठेवायचा, हे त्या लहानपणापासून करीत आल्या आहेत. पण घरात जुनी मोटार घ्यायची वेळ आली की हेच ज्ञान आपण विसरतो आणि रंगाच्या चकाकीवर भाळतो. म्हणून यावेळी गंजाविषयी चार गोष्टी.

कारण घडले ते असे. आमच्या वस्तीतील एका काकांनी ३० वर्षे मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी चालविली. त्या गाडीवर दोन मुलींची शिक्षणे झाली, लग्ने झाली. पुढे वयाच्या अटीने गाडी मोडीत गेली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. काकांच्या मनात मात्र एकच इच्छा राहिली. आपली स्वतःची, खासगी नंबराची एक पद्मिनी असावी.

काकू म्हणाल्या, "अहो, भंगारात घातलेली गाडी पुन्हा भंगारातूनच आणायची का? पोरींनी साठवून दिलेले पैसे आहेत ते."

काकूंचे म्हणणे चूक नव्हते. कुणी आम्हालाही विचारील की, कष्टकऱ्यांच्या पानावर जुन्या मोटारींचे कौतुक कशाला? आमचे उत्तर असे की, या गाड्या हौशी श्रीमंतांच्या होण्याआधी आपल्याच हातांतून गेल्या आहेत. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली. ती जोडणारे, तिला रंग देणारे, तिचा पत्रा ठोकणारे आणि ती रात्रंदिवस चालविणारे हात कामगारांचेच होते. अशा गाडीची ओढ एखाद्या निवृत्त चालकाला वाटली तर त्यात नवल नाही. फक्त घामाचा पैसा गंजलेल्या पत्र्यात जाऊ नये, एवढेच.

काकांना दोन गाड्यांचा पत्ता लागला. एक अलिबागकडे, एक सोलापुरात. दोन्ही पाहायला आम्ही काकांबरोबर गेलो.

अलिबागची गाडी नव्या नवरीसारखी नटलेली होती. ताजा रंग, चकचकीत बंपर, नवी सीट कव्हरे. आम्ही तर पाहताक्षणीच हो म्हटले असते. काका काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला लहानसा लोहचुंबक काढला आणि दाराच्या खालच्या काठावरून हळूहळू फिरवला. वरच्या बाजूस चुंबक घट्ट चिकटत होता. खाली आला आणि सटकला. तिथे पत्राच नव्हता! लांबी भरून, घासून, वरून रंग मारलेला होता. मग काकांनी पायाखालचे मॅट उचलले आणि चावीच्या टोकाने तळ टोकरला. पापुद्र्यामागून पापुद्रा निघाला. मालक म्हणत होता, "काका, एवढे तर चालायचेच." काका म्हणाले, "दादा, एवढ्यावरच तर गाडी उभी असते."

काकांचे हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. ट्रकला खाली वेगळी चासी असते. पद्मिनीला किंवा अँबेसेडरला तशी नसते. तळ, दाराखालचा रनिंग बोर्डाचा भाग आणि बाजूचे खांब मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. तो सडला म्हणजे नुसती शोभा गेली असे नाही, आत बसणाऱ्यांचा आधार गेला. इंजिन उतरवून दुरुस्त करता येते, त्याचे भाग मिळवता येतात. सडलेला तळ कापून नवा पत्रा जोडायचा म्हणजे खर्च गाडीच्या किमतीच्या अंगावर येतो.

आता प्रश्न असा की, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्यांत एवढा फरक का? उत्तर हवेत आहे. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पाणी म्हणजे पाऊसच असे नव्हे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की, डोळ्यांना न दिसणारा ओलावा पत्र्यावर धरतो आणि गंजाचा वेग वाढतो. किनाऱ्यावर त्यात मिठाची भर पडते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, ते आपण पाहतोच. लाटांवरून उडालेले खारे कण वाऱ्याबरोबर येऊन गाडीच्या सांध्यांत बसतात आणि हवेतील ओल ओढून धरतात. त्यामुळे पाऊस थांबला तरी पत्रा आतून ओलाच राहतो. हे मीठ समुद्रालगत सर्वांत जास्त असते आणि आत जावे तसे झपाट्याने कमी होते. एकाच तालुक्यात किनाऱ्यावरची वाडी आणि डोंगराकडचे गाव यांत फरक पडतो तो यामुळेच.

मुंबईला खारा वारा आहे, वर्षाला २,२०० मिलीमीटरच्या वर पाऊस आहे, आणि कारखान्यांचा धूरही आहे. धुरातील गंधकाचा वायू ओलाव्यात मिसळला की त्याचे आम्ल होते आणि ते पत्र्याला खाते. सोलापुरात याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका पाऊस, समुद्र दूर आणि वर्षातील बरेच महिने हवा कोरडी.

सोलापूरची गाडी दिसायला अगदीच गरीब होती. उन्हाने रंग उडालेला, काचांची रबरे तडकलेली, डॅशबोर्डला भेगा. चाळीस अंशांवरचे ऊन रबर आणि रंग खाते, हा कोरड्या मुलखाचा दोष. पण चुंबक दारावर वरपासून खालपर्यंत चिकटला. तळ टोकरला तर खणखणीत आवाज आला. मडगार्डच्या आत काळ्या मातीचा जुना थर मात्र बसलेला होता. ही माती ओल धरून ठेवते, त्यामुळे तिच्याखाली थोडा गंज धरला होता. म्हणजे कोरड्या गावची गाडीही डोळे मिटून घेऊ नये. काका म्हणाले, "रबर बाजारात मिळते, मूळ पत्रा मिळत नाही." सौदा तिथे ठरला.

ठरण्यापूर्वी काकांनी आणखी एक काम केले. नंबर सोलापूरचा आहे म्हणून गाडी सोलापुरातच राहिली, असे मानून चालत नाही. त्यांनी विम्याचे जुने कागद, पीयूसीच्या चिठ्ठ्या आणि गॅरेजची बिले मागून पाहिली. त्यांवरील पत्त्यांवरून गाडीने आपले पावसाळे कुठे काढले ते कळते. पुराच्या गाड्यांबाबत तर ही काळजी फारच हवी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले. अशा वेळी पाण्यात राहिलेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या गावी विकायला काढली, तर साध्या नजरेला कळत नाही. सीटखालच्या पट्ट्या, सीटमागचे कोपरे आणि दिव्यांच्या आतील बाजू पाहावी. तिथे गाळाची रेघ किंवा एकसारखा गंज दिसला तर नमस्कार करून परत फिरावे.

गाडी घरी आली म्हणजे काम संपले असेही नाही. सोलापूरची गाडी मुंबईत आली, तिचे मुंबईचे पावसाळे सुरू झाले. दारांच्या आणि रनिंग बोर्डाच्या खाली पाणी जायला बारीक भोके असतात, ती मातीने बुजतात, तारेने मोकळी करावीत. मॅट ओले राहू देऊ नये. प्लास्टिकचे आवरण घट्ट बांधू नये, आत वाफ कोंडते. तळाला पावसाळ्यापूर्वी गंजरोधक लेप द्यावा. रंगावर फोड दिसला तर तो वरवरचा समजू नये. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून रंग उचलतो, म्हणजे फोड दिसतो तेव्हा दुखणे आधीच जुने झालेले असते. आणि १५ वर्षांवरील खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते. त्याचे शुल्क आणि पर्यावरण कर किती पडतो, हे पैसे मोजण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

नव्या रबरांसकट गाडी वस्तीत आली तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. ३० वर्षे या गाडीने त्यांचे घर चालविले, पण काकू तिच्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा बसल्या असतील. टॅक्सी रिकामी फिरवली तर त्या दिवसाचे पोट कोण भरणार? काकांनी पुढचे दार उघडले. काकूंनी बसण्याआधी वाकून मॅट उचलले, तळावर बोटाने टकटक केले आणि मगच आत बसल्या.

वाचकहो, गाडी अशी बघावी. तिचे वय मागाहून विचारा, आधी तिचे पावसाळे विचारा.