शाळेचा सर्व्हर : मालकी कोणाची?

१ ऑगस्ट १९७५ रोजी आपल्या देशात एक मोठा शैक्षणिक प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संचांवर कार्यक्रम दाखविले गेले. सकाळी शाळेतील मुले आणि संध्याकाळी गावकरी एकाच संचापुढे बसत. परंतु उपग्रह उसना होता. वर्षाची मुदत संपताच तो परत गेला.

मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या, तेव्हा शिक्षण घरोघरच्या मोबाइलवर सोपविण्यात आले. ज्याच्या घरी यंत्र आणि डेटा, त्याला धडा. बाकीच्यांनी वाट पाहावी. सामुदायिक संचाकडून खाजगी पडद्याकडे झालेल्या या वाटचालीस प्रगती म्हणण्यापूर्वी तिचा हिशेब मांडला पाहिजे.

सेकंदाला एक मेगाबिट या गतीने अर्ध्या तासाचा धडा पाहिला, तर २२५ मेगाबाइट डेटा लागतो. वर्गातील ४० मुलांनी तो आपापल्या मोबाइलवर पाहिला, तर ९ गिगाबाइट. म्हणजे एकच वस्तू चाळीस घरांनी चाळीस वेळा विकत घ्यायची! शाळेचा स्वतःचा सामायिक सर्व्हर असेल, तर तोच धडा एकदा उतरवून घेतला की पुरतो. शाळेच्या अंतर्गत वायफाय जाळ्यातून, बाहेरचे इंटरनेट बंद असतानाही, तो पाहता येतो. थांबवून पुन्हा पाहता येतो. यासाठी ‘रास्पबेरी पाय’सारखा तळहाताएवढा संगणक आणि ‘कोलिब्री’सारखी मोफत, खुली प्रणाली पुरेशी आहे. एक टेराबाइटच्या डिस्कवर असे चार हजारांहून अधिक धडे मावतात.

यंत्र स्वस्त झाले म्हणून प्रश्न सुटत नाही. त्यावर दाखवायचे काय आणि ते ठरवायचे कोणी? शैक्षणिक कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. २०१७ साली ती बंद करण्यात आली. सार्वजनिक निर्मितीची व्यवस्था मोडायची आणि मुलांना बाजारातील शिकवण्यांच्या दारी उभे करायचे, हे काटकसरीचे धोरण नव्हे. तो खर्च पालकांच्या खिशावर ढकलणे होय.

म्हणून दोन मागण्या रेटल्या पाहिजेत. सार्वजनिक पैशातून तयार झालेला प्रत्येक मराठी धडा कोणत्याही शाळेस विनामूल्य उतरवून ठेवता आला पाहिजे. दुसरे असे की, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीवर शाळा विकास आराखडा करण्याची जबाबदारी टाकली आहे. त्या आराखड्यात सर्व्हर, त्याची वीज आणि त्याची देखभाल यांची तरतूद असावी. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. सर्व्हर त्यांच्या ताब्यात आणि धड्यांची निवड शिक्षकांच्या हाती असेल, तरच तो कुलूपबंद कपाटात धूळ खात पडणार नाही. शिक्षकाची जागा मात्र कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. रिक्त पदे न भरण्यास ही सबब होता कामा नये.

सामुदायिक संचाची कल्पना जुनी असेल, पण चुकीची नव्हती. त्या वेळी उपग्रह आपला नव्हता. आज सर्व्हर आपला होऊ शकतो.