समुद्रातले शेल तेल आणि डेकवरची धूळ

जुलै २०२२ मध्ये चीनच्या सरकारी सागरी तेल कंपनीने एक मोठी बातमी दिली. बेइबू उपसागरातील 'वेइये-१' या विहिरीतून चाचणीत दिवसाला २० घनमीटर तेल आणि १,५८९ घनमीटर वायू निघाला. चीनच्या समुद्रातील ही पहिलीच शेल तेलाची विहीर. जगभरच्या ऊर्जातज्ज्ञांनी तिची दखल घेतली. छातीच्या विकारांचे रुग्ण तपासणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला मात्र या बातमीत आधी वाळू दिसली.

नेहमीचे खनिज तेल जिथे तयार होते तिथून सरकत जाऊन दुसऱ्या सच्छिद्र खडकात साठते. १९७४ मध्ये सापडलेल्या 'बॉम्बे हाय'चे तेल असेच प्रामुख्याने चुनखडकात साठलेले आहे. शेल तेल मात्र जन्मस्थानीच, अतिसूक्ष्म छिद्रांत अडकून राहते. ते काढण्यासाठी खडकात आडवी विहीर खोदून प्रचंड दाबाने पाणी सोडतात आणि भेगा पाडतात. त्या पुन्हा मिटू नयेत म्हणून पाण्याबरोबर बारीक वाळू किंवा सिरॅमिकचे मणी आत ढकलतात.

जमिनीवर यासाठी पंप, टाक्या आणि ट्रक ऐसपैस उभे करता येतात. समुद्रात हे सारे जहाजाच्या किंवा फलाटाच्या डेकवर बसवावे लागते. शिवाय शेलच्या विहिरींचे उत्पादन पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच झपाट्याने घटते, म्हणून सतत नव्या विहिरी खोदाव्या लागतात. समुद्रातली प्रत्येक विहीर महागडी. २० घनमीटर म्हणजे जेमतेम सव्वाशे पिंपे. तंत्रज्ञान सिद्ध झाले, पण हिशेब अजून जुळायचा आहे.

या हिशेबात आणखी एक रकाना हवा. वाळू ओतताना, हलवताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेने जमिनीवरच्या ११ ठिकाणी हवेचे ११६ नमुने तपासले. त्यांपैकी ७९ टक्के नमुन्यांत सिलिका संस्थेने सुचवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली. काहींत ती कायदेशीर मर्यादेच्याही दहापट होती. २०१२ मध्ये तिथे धोक्याची सूचना निघाली. तोपर्यंत हे काम वर्षानुवर्षे जोरात सुरू होते.

सिलिकोसिस म्हणजे काय, हे आपल्या सरकारी रुग्णालयांना शिकवावे लागत नाही. दगडखाणीत किंवा खडी-क्रशरवर राबलेला माणूस धाप लागते म्हणून येतो. अनेकदा त्याच्यावर आधीच क्षयाचे उपचार होऊन गेलेले असतात, कारण एक्स-रेत दोन्ही आजार फसवे दिसतात आणि सिलिकामुळे क्षयाचा धोकाही वाढतो. 'आधी काय काम करत होतात?' हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. फुप्फुसावर एकदा पडलेले व्रण कोणत्याही औषधाने जात नाहीत. आजार सहसा दहा-वीस वर्षांनी दिसतो. तोवर कंत्राट संपलेले असते आणि कामगार गावी परतलेला असतो.

उपाय अवघड नाहीत. वाळू बंदिस्त नळ्यांतून नेता येते, उडणारी धूळ जागच्या जागी शोषून घेता येते, शक्य तिथे सिलिका कमी असलेले मणी वापरता येतात. मास्क हा शेवटचा आडोसा, पहिला नव्हे. कामावर घेताना, काम चालू असताना आणि सोडल्यानंतरही छातीची तपासणी झाली पाहिजे.

समुद्रातला शेल उद्योग अजून बाल्यावस्थेत आहे, हीच संधी आहे. विहीर दिवसाला किती पिंपे देते हे जाहीर होते. डेकवरच्या हवेत सिलिका किती, हेही त्याच पत्रकात छापले जावे. जमिनीवर ही मोजणी उशिरा झाली. समुद्रात ती पहिल्या विहिरीपासूनच करता येईल.