हौद्याला वारसा म्हणायचे का?

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली, तेव्हा जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा जीव भांड्यात पडला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, फेरनोंदणीला 5 हजार, आणि नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. भंगार धोरणाच्या वरवंट्यातून या गाड्या सुटल्या, हे चांगलेच झाले. मात्र नियमातली व्याख्या नीट वाचली की कोण बाहेर राहिले ते दिसते. चारचाकींपैकी तिथे फक्त एम-1 वर्ग आहे, म्हणजे चालक सोडून आठ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाड्या. मालवाहू गाडी पन्नासच काय, सत्तर वर्षांची असली तरी तिला तिथे जागा नाही.

याचा फटका बसतो तो जुन्या फोर बाय फोर पिकअपला. उदाहरणासाठी दूर जायला नको. अमेरिकेतल्या टोलेडोच्या विलिस कंपनीची जीप महिंद्रांनी मुंबईत, माझगावला, सुट्या भागांतून जोडायला घेतली ती स्वातंत्र्याच्या सुमारास. त्याच काळात, 1947 मध्ये, विलिसने जीपच्या तोंडवळ्याचा, चारही चाकांना ताकद देणारा पिकअप अमेरिकेत बाजारात आणला. डॉजचा पॉवर वॅगन त्याच्या एक वर्ष आधीचा. दोन्ही गाड्या महायुद्धाच्या तालमीत तयार झालेल्या. लढाईच्या चिखलातून तोफा आणि जखमी वाहणारी यंत्रणा शेतकऱ्याला आणि खाणमालकाला विकता येईल, एवढाच त्यांच्यामागचा हिशेब होता.

1956 च्या अखेरीस विलिसने एफसी-150 काढली. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल, चालक इंजिनाच्या मागे नाही, तर इंजिनाच्या बाजूला, अगदी नाकावर बसणारा. ब्रुक्स स्टीव्हन्स या औद्योगिक रचनाकाराने तिला चपट्या तोंडाचे, मोठ्या काचेचे रूप दिले. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर सीजे-5 जीपचेच, 81 इंच, पण नाक कापल्यामुळे त्यावर 74 इंचांचा हौदा बसला. कागदावर हिशेब चोख. प्रत्यक्षात रिकाम्या गाडीचे वजन पुढे एकवटले आणि जीपच्या अरुंद धुऱ्यांवर ती उंच केबिन डुगडुगू लागली. 1958 मध्ये चाकांमधली रुंदी 48 वरून 57 इंच करावी लागली. अमेरिकेत ही गाडी फारशी चाललीच नाही. एफसी मालिकेच्या सगळ्या मिळून तीसएक हजार गाड्या खपल्या आणि 1965 च्या सुमारास तिथे उत्पादन थांबले.

1965 मध्येच महिंद्रांनी एफसी-150 भारतात आणली. तिथे गाशा गुंडाळलेली गाडी इथे कामाला लागली. पुढे इथल्या गरजेप्रमाणे लांब चेसिसची एफसी-160 आली, 1975 मध्ये डिझेलवरची एफसी-260 आली. मागे कुणी हौदा ठेवला, कुणी बंद पेटी बसवली, कुणी बाकडी टाकून मिनीबस केली. म्हणजे या गाडीचा इतिहास टोलेडोपेक्षा मुंबईत अधिक घडला. अमेरिकेत ती फसलेला प्रयोग म्हणून संग्राहकांना प्रिय आहे. आपल्याकडे ती इतकी नेहमीची होती की तिच्याकडे कुणी वळून पाहिले नाही.

केबिनमध्ये चढून पाहावे. चालक आणि शेजाऱ्याच्या मधोमध इंजिनाचा डबा, त्यावर हात ठेवला तर उन्हाळ्यात चटका बसतो. गिअरच्या दांड्याजवळ आणखी दोन आखूड दांडे. एक पुढच्या धुऱ्याला जोडणारा, दुसरा हाय-लोचा. पुढचा धुरा जोडल्याशिवाय ‘लो’ पडू नये अशी आतली व्यवस्था, कारण लोमधली सगळी ताकद एकट्या मागच्या धुऱ्यावर आली तर तो तुटायची भीती. लोमध्ये चाकांवरचा जोर जवळपास अडीचपट होतो आणि गाडी माणसाच्या चालीने चढ चढते. इलेक्ट्रॉनिक बटण नाही, दिवा नाही. काय जोडले आहे ते तळहाताला कळते. मागे फाळका, त्याच्या साखळ्या, खाली कमानपाटे. दुरुस्तीला दोन पाने आणि एक हातोडा पुरतो, ही मेकॅनिक मंडळींची फुशारकी फारशी खोटी नाही.

हे सगळे जपायचे, तर कसे? नियमाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे, आणि ते शौकिनांनी शांतपणे ऐकायला हवे. भारतात पेट्रोल गाड्यांच्या धुरावर पहिली मर्यादा आली 1991 मध्ये, डिझेलवर त्याच्या पुढच्या वर्षी. एफसी-150 त्याच्या पाव शतक आधीची, तिच्या धुराला कोणतेच माप लागत नव्हते. सुरक्षेचे बोलायचे तर चालकाचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये फक्त पत्रा. ही गाडी रोज मंडईत माल आणू लागली तर ‘वारसा’ हे नुसते निमित्त ठरेल. म्हणूनच व्हिंटेज नोंदणीच्या गाडीला रोजच्या किंवा व्यावसायिक वापराची मुभा नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. ही अट रास्त आहे.

‘मूळ रूप’ या अटीमागेही कारण आहे. आपल्याकडे जुन्या जीपच्या नावाने काय काय उभे राहते, हे हरियाणातल्या डबवालीच्या बाजाराची कीर्ती ऐकलेल्यांना सांगायला नको. लिलावातली चेसिस, नवा पत्रा, तिसऱ्याच गाडीचे इंजिन, आणि तयार झाली ‘अस्सल जुनी’ जीप. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले की कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार केलेली गाडी नोंदणीस पात्र नाही. दार सैल सोडले तर आरसी बुक एकाचे आणि गाडी दुसऱ्याचीच, असा धंदा बोकाळेल.

हे सगळे मान्य करूनही आमचा आक्षेप उरतोच. राजेरजवाड्यांची रोल्स-रॉइस मूळ रूपात राहते, कारण ती गॅरेजात राहते. कामाच्या गाडीला ते परवडत नाही. 1973 नंतर पेट्रोलचे भाव भडकले आणि देशभरातल्या जीपवाल्यांनी पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवले. यात चोरटेपणा नव्हता. महिंद्रांनी स्वतः 1979 मध्ये डिझेल इंजिनासाठी फ्रान्सच्या प्यूजोशी परवाना करार केला. ज्याने परवानगी घेऊन इंजिन बदलले आणि ते आरसीवर चढवून घेतले, त्याची गाडी चाळीस वर्षे राबली. ज्याने बदलले नाही, त्याची बहुधा केव्हाच तुकड्यातुकड्याने विकली गेली. आता नियम पहिल्याला सांगतो की तुझी गाडी अस्सल नाही. तिचे ‘मूळ’ इंजिन परत बसवायचे तर ते कुठल्यातरी दुसऱ्या गाडीच्या पोटातून काढावे लागणार. म्हणजे अस्सलपणा सिद्ध करायला एका गाडीचा खरा इतिहास पुसायचा आणि दुसरी गाडी मोडायची.

जागतिक पातळीवर याचा विचार आधीच झाला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या फीवा या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. तिचा आशय असा की, गाडी नियमित वापरात असताना तिच्यात झालेले बदल हाही तिच्या इतिहासाचा पुरावा आहे आणि तो जपावा. कारखान्यातून निघाली त्या दिवसाचे रूप तिला परत द्यायलाच हवे असे नाही. जुनी वास्तू जपणाऱ्यांना हे तत्त्व नवे नाही. वाड्याला पेशवाईनंतर जोडलेला सोपा कुणी पाडायला निघत नाही. आणि फीवाच्या लेखी तीस वर्षांची गाडी ऐतिहासिक ठरू शकते, आपण पन्नासवर अडून आहोत.

वारसा कोणाचा, हा प्रश्न तर आणखी गुंत्याचा. जीप हे नाव विलिसकडून कैसर, अमेरिकन मोटर्स, क्रायस्लर, फियाट असे हात बदलत आज स्टेलांटिसकडे आहे. महिंद्रांनी अमेरिकेत रॉक्सर नावाची जुन्या धाटणीची गाडी विकायला काढली, तेव्हा फियाट क्रायस्लरने 2018 मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे धाव घेतली आणि जून 2020 मध्ये आयोगाने त्या वेळच्या रॉक्सरचे रूप जीपच्या रूपावर अतिक्रमण करते असा निर्णय दिला. कायद्याच्या नजरेतून तो बरोबर असेल. पण सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी रीतसर परवान्याने सुरू झालेले आणि पुढे इथेच वाढलेले काम एका देशात ‘नक्कल’ ठरावे आणि स्वतःच्या देशात ‘मालवाहू’ म्हणून वारशातून वगळले जावे, हे आमच्या पचनी पडत नाही. हरियाणात तावडूच्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमसारखा अपवाद सोडला, तर कामाच्या गाड्यांना सन्मानाने उभे करणारी जागा आपल्याकडे शोधावी लागते.

तेव्हा आमचे मत असे. व्हिंटेजच्या व्याख्येत हलक्या मालवाहू गाड्यांचा समावेश व्हावा. इंजिनबदलाला सरसकट माफी नको. पण तो बदल आरटीओच्या परवानगीने झालेला असेल, आरसीवर नोंदलेला असेल आणि त्याला किमान तीस वर्षे झाली असतील, तर तो गाडीच्या मूळ रूपाचाच भाग मानावा. चेसिस मात्र पहिलीच हवी, तिथे तडजोड नाही. रोजच्या वापरावरची बंदी कायम राहावी आणि हौद्यात भाड्याचा माल दिसला तर नोंदणी रद्द व्हावी. पन्नास वर्षांची मर्यादा खाली आणण्याची घाई आम्ही करणार नाही, कारण ती उतरली की नव्वदच्या दशकातल्या धुरकट डिझेल गाड्या रांगेत उभ्या राहतील आणि शहरांच्या हवेला ते झेपणारे नाही. खोट्या गाड्यांना आळा घालण्याचे साधन कंपनीकडेही असायला हवे: साठ-सत्तरच्या दशकांतल्या चेसिस क्रमांकांच्या नोंदवह्या ज्या प्रमाणात शिल्लक असतील, त्या प्रमाणात तपासणीसाठी खुल्या केल्या तर निम्मा वाद मिटेल.

हे बदल व्हायला वेळ लागेल. भंगारवाल्याला लागत नाही. 1975 ची पहिली एफसी-260 आता पन्नाशीला पोचली आहे. आपल्या शेतावर, जिनिंगच्या आवारात किंवा बंद पडलेल्या गॅरेजमागे अशी एखादी गाडी कमानपाट्यांवर बसलेली असेल, तर वाचकांनी ती वजनावर विकण्याआधी तिच्या चेसिसच्या क्रमांकाचा आणि आतल्या पट्टीचा फोटो काढून ठेवावा, आणि आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या, इंजिनबदलाची परवानगी यांतला एकही कागद फेकू नये.