बोटांचा दोष नव्हता

आमच्या लेकीने दहावीच्या निकालाआधीच मागणी नोंदवून ठेवली होती : गिटार. आम्ही पडलो कारकून, टोलवाटोलवीत तरबेज. पण पोरीने वर्षभर खाऊचे पैसे साठवले होते. त्यात आम्ही भिशीची रक्कम घातली आणि लातूरला तिच्या मामाकडे गेलो तेव्हा तिथल्या बाजारातून गिटार घेतली. भर मे महिन्यात एस.टी.ने ती नांदेडला आली.

चार दिवसांत लेकीचा चेहरा पडला. तार छेडली की सुराबरोबर खर्रर्र आवाज, जणू पत्र्याच्या डब्यात माशी कोंडली आहे. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "बोटांना वळण पिढ्यान्‌पिढ्यांचं लागतं. हे आपलं काम नव्हे." लेकीने गिटार पलंगाखाली सरकवली. तारेच्या खरखरीपेक्षा ते वाक्य आम्हाला जास्त बोचले.

लग्नाच्या बँडात वाजवणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांना घरी बोलावले. त्यांनी आधी तारा सुरात लावल्या, कारण सैल तार खरखरतेच. मग बोट पडद्याला लागून, किंचित मागे दाबायला सांगितले. तरीही आवाज राहिला. म्हणजे बोटे निर्दोष!

मोकळी तारच खरखरली तर वरच्या टोकाचा खाचांचा तुकडा, म्हणजे नट, तपासावा. एकाच जागी खरखरली तर पुढचा एखादा पडदा वर आलेला असतो. आमची पहिल्या चार-पाच पडद्यांवर खरखरत होती. म्हणजे दोष दांडीचा. सर्वांत जाड तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी पेटीला मिळते तिथे एकाच वेळी दाबली. सातव्या पडद्यावर व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट हवी. आमच्याकडे फटच नव्हती. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि दांडीचा किंचित बाक नाहीसा होतो.

लोखंडी तारांच्या बहुतेक गिटारींच्या दांडीत एक सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. स्नेह्यांनी ॲलन चावीने ती पाव फेरा डावीकडे सैल केली, तारा पुन्हा सुरात लावल्या आणि रात्रभर थांबायला सांगितले. सकाळी कार्ड सरकले, खरखर गेली. कानस कुठेच लावावी लागली नाही. घासलेले परत येत नाही, म्हणून ती शेवटी, तीही जाणकाराच्या हातून.

गंमत पाहा, आपल्या मिरजेत कारागीर हीच खरखर मुद्दाम घडवतात. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून, तारेखाली दोरा सरकवून तिला रूप देतात आणि तिला 'जवारी' म्हणतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे जो गुण, तोच गिटारीत दोष. कान आणि हात शिकले की दोन्ही कळते.

तेव्हा पालकहो, वाद्य घेताना दुकानातच प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून पाहा. पावती जपा. वाद्य उन्हात, कूलरसमोर ठेवू नका. आणि खरखर आली तर आधी वाद्य तपासा, मग लेकराची बोटे. पिढ्यांचा हिशेब तर काढूच नका.

आमच्या घरी आता संध्याकाळी गिटार वाजते. शेजारचे गृहस्थ खिडकी उघडी ठेवतात.