पेन्सिलीची रेघ

माझा नातू बॉस्टनला शिकतो. वय वर्षे अकरा. गेल्या उन्हाळ्यात महिनाभर गिरगावात येऊन राहिला, तो नकाशांचे पुस्तक बगलेत मारूनच. दुपारी पंख्याखाली लोळून तो मला अमेरिका शिकवी. पहिल्या पानावर समुद्रकाठची तेरा राज्ये. मग पानागणिक रंग पश्चिमेकडे सरकत जाई, गरम पोळीवर तूप पसरावे तसा. "आजोबा, हे बघा! १८०३ साली लुईझियाना नेपोलियनकडून विकत घेतला. दीड कोटी डॉलर. देश जवळजवळ दुप्पट!"

"तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले होते का रे?"

त्याने पुस्तक पुढेमागे चाळले. विचारले नव्हते. नेपोलियनने विकला, जेफर्सनने घेतला. असा व्यवहार घटनेत बसतो की नाही, याची खुद्द जेफर्सनलाच शंका होती! तिथली फ्रेंच वस्ती, गुलाम आणि पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मूळ जमाती मात्र कोणाच्या हिशेबातच नव्हत्या.

हा प्रश्न मी काही सहज केला नव्हता, वाचकहो. आमच्या घरीही एक नकाशा आहे. बाबा फोर्टात एका कचेरीत कारकून होते. चाळीतल्या आमच्या दोन खणी जागेत, कालनिर्णय यायच्या पुष्कळ आधी, भिंतीवर एका बाजूला दत्ताची तसबीर आणि दुसऱ्या बाजूला हिंदुस्थानचा नकाशा असे. आपले प्रजासत्ताकही तेव्हा नवे, त्यामुळे नकाशा सारखा जुना होई. नवा आणायला पैसे नसत. मग बाबा दौत-टाक घेऊन त्याच नकाशावर दुरुस्ती करीत.

त्या दिवसांत 'संयुक्त' हा शब्द आमच्या वाडीत पाढ्यांसारखा पाठ होता. शाळेत भूगोलाच्या गुरुजींनी 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' म्हटले तेव्हा मला वाटले, तिकडेही समिती असणार आणि तीही मोर्चे काढीत असणार!

१९५५ साली फाजलअली आयोगाचा अहवाल आला. मराठवाडा मिळणार, पण गुजरातशी जोडून, विदर्भ वेगळा. पुढे तीन राज्यांची टूम निघाली. त्यात मुंबईच महाराष्ट्राला नाही. २१ नोव्हेंबरला लालबाग-परळचे गिरणी कामगार फ्लोरा फाउंटनकडे निघाले. बाबाही कचेरीतून तिकडेच गेले. त्या दिवशी गोळीबारात पंधरा माणसे गेली. बाबा रात्री घरी आले ते एका पायात चप्पल घालून. जेवले नाहीत. नकाशासमोर बराच वेळ बसून राहिले, पण दौत काही उघडली नाही. जानेवारीत, मुंबई केंद्राकडे जाणार असे नेहरूंनी रेडिओवर सांगितले आणि मग खुद्द आमच्या गिरगावात गोळ्या चालल्या. आईने आम्हां मुलांना दोन दिवस खिडकीशी जाऊ दिले नाही. त्या लढ्यात शंभरावर माणसे कामी आली.

नातवाने विचारले, "पण तुमच्या असेंब्लीने 'नाही' म्हणायचे ना!"

पोराचा प्रश्न बरोबर होता. तो राहतो त्या मॅसॅच्युसेट्‌सचाच मेन हा एक तुकडा होता. १८१९ मध्ये मेनच्या लोकांनी वेगळे होण्याच्या बाजूने मते दिली, मॅसॅच्युसेट्‌सच्या विधिमंडळाने संमती दिली, आणि १८२० साली मेन राज्य झाले. संमतीवाचून असे राज्य फोडता येत नाही, असे त्यांच्या घटनेतच लिहिले आहे. आमच्या घटनेच्या तिसऱ्या कलमात संमती नाही. विधिमंडळाचे 'मत' तेवढे मागवायचे, ते मानलेच पाहिजे असे नाही. १९५५ च्या डिसेंबरात घटनादुरुस्ती झाली, तिने ते मत कळवायलाही मुदत घातली. दिल्लीलाही देश एकत्र ठेवायचा होता, हे मला आज कळते. पण लग्न ठरवून मुलीला "तुझे मत काय?" विचारण्यातलाच हा प्रकार; मग मुलीने ताट भिरकावले तर नवल कसले?

ते मत शेवटी १९५७ च्या निवडणुकीत दिले गेले. मध्य मुंबईतून डांगे लोकसभेत गेले, दादरहून अत्रे विधानसभेत. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. बाबांनी त्या दिवशी नवी निब आणली आणि सव्वीस जिल्ह्यांभोवती अशी जाड रेघ ओढली की शाई खालच्या पुठ्ठ्यापर्यंत उतरली. आई म्हणाली, "अहो, भिंत रंगवताय की काय!"

गोव्याचे मात्र विचारून झाले. १९६७ च्या जानेवारीत सार्वमत घेतले. विलीनीकरणाला १,३८,१७० मते, वेगळे राहण्याला १,७२,१९१. चाळीत पुष्कळांची तोंडे उतरली. बाबा म्हणाले, "विचारले ना? मग ऐकायचे." आणि गोव्याची सीमा त्यांनी निमूटपणे शाईने पक्की केली.

नातवाचे बोट नकाशावरून फिरत खाली एका जागी थांबले. "आजोबा, इथेच पेन्सिल का?"

तिथे माझी आत्या राहत असे. बेळगाव तोवर मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूरकडे गेले. त्या साली दिवाळी नेमकी त्याच आठवड्यात होती. भाऊबीजेला आत्या कुंद्याचा डबा घेऊन आमच्याकडे आलेली. ओवाळून झाल्यावर म्हणाली, "दादा, मागच्या खेपेला मी आपल्याच राज्यातून आपल्याच राज्यात आले होते. आता परतायचे ते म्हैसुरात. घर तेच, विहीर तीच." जरा थांबून पुन्हा म्हणाली, "अरे, १९४६ साली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो आमच्याच गावच्या साहित्य संमेलनात. मी पाण्याचे पेले भरत होते तिथे. आता तुम्ही सगळे आत, आणि आम्हीच बाहेर?"

बाबांना उत्तर सुचले नाही. ती गेल्यावर त्यांनी माझ्या कंपासपेटीतली पेन्सिल मागून घेतली आणि तेवढी रेघ हलक्या हाताने ओढली. पुढे १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, तोही बेळगाव तिकडेच ठेवा म्हणणारा. दर भाऊबीजेला आत्या आधी नकाशाशी जाऊन चष्म्यातून ती रेघ पाही, आणि मग पाटावर बसे. बाबा गेले, आत्या गेली. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तेव्हा दोघांपैकी कोणीच नव्हते.

नातवाने खोडरबर आणले होते. ते मी त्याच्या हातातून काढून घेतले आणि नकाशा गुंडाळून पुन्हा माळ्यावर ठेवला.